फ्रान्समधला चाकवत आणि रामजीलालचा कोपरा

जयपूरच्या मानसरोवर कॉलनीतल्या मराठी शेजाऱ्यांनो, आपलं दुखणं एकच आहे. मंडळात कुणाच्या तरी परदेशवारीचे फोटो बघायचे, गुळगुळीत लॉनवर उभी असलेली ओळखीची जोडपी बघायची आणि घरी येऊन कॉलनीच्या बागेकडे पाहून सुस्कारा टाकायचा. गेल्या एप्रिलमध्ये मी या सुस्काऱ्याचं वीस मिनिटांचं भाषण केलं. पंधरा वर्षांत माळी रामजीलालला एक लॉन जमलं नाही, मागच्या कोपऱ्यात त्याने रान माजवून ठेवलंय, जूनअखेर त्याला काढा आणि बाग ठेकेदाराला द्या, असा ठराव मांडला. बाग कशी असते ते फ्रान्सात जाऊन बघा, असंही गरजलो. टाळ्या पडल्या. सह्या झाल्या, त्यातल्या बऱ्याच तुमच्या. फ्रान्स मी तोवर फक्त कॅलेंडरवर पाहिला होता.

मेमध्ये तो प्रत्यक्ष पाहायचा योग आला. आमची लेक मुक्ता तिथल्या लिमोज शहरात चिनीमातीची भांडी घडवायला शिकते. व्हिसासाठी दिल्लीची बसवारी दोनदा घडली. पुढे पॅरिसहून लिमोजला रेल्वेने तीन तासांहून जास्त लागतात. तिकीट आधी काढलंत तर निम्म्यात पडतं. तिथून गावाकडे जाणारी बस दिवसातून दोनदा, रविवारी नाही. दुपारी बारा ते दोन दुकानं बंद, सोमवारी पाववाला बंद. आपल्याकडे असं केलं तर आपण त्याला आळस म्हणतो. तिथे मी त्याला संस्कृती म्हणालो, उपाशीपोटी.

मी आणि बायको सुलभा उतरलो ते त्या गावातल्या मादाम ओदेत यांच्या शेतघरात, सोबत दुभाषी म्हणून मुक्ता. वय पंच्याहत्तरच्या पुढे, नवरा वारलेला, पाच कोंबड्या. दोघांना न्याहारीसकट दिवसाला चाळीस युरो. अंडं चालणाऱ्या शाकाहाऱ्यांनी काळजी करू नये. बटाटे, चीज आणि ऑम्लेट यांवर आठवडा निघतो, चौथ्या दिवशी फक्त हिरवी मिरची स्वप्नात येते.

सकाळी उठून मी लॉन बघायला बाहेर आलो. लॉन नव्हतं. गुडघाभर गवत, त्यात पिवळी फुलं, भिंतीशी खाजकुयलीची बहीण शोभेल अशी अंगाला झोंबणारी झुडपं. माळी रजेवर आहे का, असं मी मुक्ताकरवी विचारलं. बाई हसल्या. माळी त्याच होत्या. गवत जुलैत कापतात, तोवर ते फुलपाखरांचं; आणि झोंबणाऱ्या पाल्याचं रात्री सूप होणार होतं. झालंही. चांगलं होतं, हे कबूल करायला मला दोन दिवस लागले.

बुधवारच्या बाजारात एक गृहस्थ वेताच्या टोपल्या विणत बसले होते. भोवती माणसं श्वास रोखून उभी, मीही उभा. आपल्याकडे खातीपुऱ्याच्या रस्त्याकडेला बांबूच्या टोपल्या विणणारं कुटुंब बसतं, त्यांना आजवर मी हॉर्नच वाजवत आलो. इथे टोपलीसोबत फोटो काढून घेतला.

गुरुवारी रानभाज्यांची फेरी. माणशी अठरा युरो, बूट आपले. पेंढ्याची टोपी घातलेला वाटाड्या आम्हा आठ जणांना शेताच्या बांधावर घेऊन गेला आणि एका रोपापाशी गुडघ्यांवर बसला. त्याने एक पान खुडलं, उजेडात धरलं, मागची पिठूळ पांढरी बाजू दाखवली आणि आजोबांच्या पिढीनंतर विस्मरणात गेलेल्या या अन्नाबद्दल बराच वेळ बोलला. एका बाईंनी वहीत चित्र काढलं.

आमच्या सुलभाने वाकून पाहिलं आणि ती म्हणाली, "अहो, हा चाकवत."

मी तिला हळू बोल म्हणालो. ती हळू बोलली नाही. पिशवीभर खुडला. तिच्या सामानात बेसन, हिंग आणि दाणे असतातच. विमानतळावर यावरून मी तिला बोललो होतो. संध्याकाळी मादामच्या स्वयंपाकघरात ताकातला चाकवत शिजला, वर लसणाची फोडणी पडली. मादाम आधी शिंकल्या, मग दोन वाट्या जेवल्या. भारतात ही भाजी कोण लावतं, असं त्यांनी विचारलं.

सुलभा माझ्याकडे न बघता म्हणाली, "लावत कुणी नाही. आमचा माळी बागेच्या कोपऱ्यात राखतो आणि थंडीत घरोघरी वाटतो. ह्यांनी त्याला काढायला सह्या गोळा केल्यात."

मुक्ताने भाषांतर करायला वेळ घेतला. मादामनी चमचा खाली ठेवला. "मग तो कुठे जाईल?" एवढंच त्यांनी विचारलं.

वीस मिनिटांच्या भाषणात हा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता, आणि तुम्हा टाळ्या वाजवणाऱ्यांनाही नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात परत आलो. जयपूर भट्टीसारखं तापलेलं. सामान टाकून थेट बागेत गेलो. मागचा कोपरा उघडाबोडका, खरवडून सपाट केलेला. रामजीलाल नळी धरून उभा होता.

"साहबजी, आपने सभा में बोला था, तो साफ़ कर दिया," तो म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. मग त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. "बथुए का बीज रख लिया है. मैडमजी को पसंद है ना. नया आदमी आए तो उसको दे देना."

बथुआ म्हणजे आपला चाकवत; ती बियांची पुडी माझ्या टेबलावर आहे. टोपलीसोबतचा फोटो मी कुणाला दाखवलेला नाही. फ्रान्सला जरूर जा, गाव सुंदर आहे, सोमवारचा पाव रविवारी घेऊन ठेवा. पण त्याआधी एक काम आहे. या रविवारी सकाळी आठला बागेच्या खोलीत ठरावावर शिक्का बसणार आहे. साडेसातला या आणि आपल्या सहीवर स्वतःच्या हाताने काट मारा. पहिली काट माझी असेल.