सोहमचं दुखणं आणि अर्धं राहिलेलं पारायण

देव हाकेला धावतो असं लहानपणापासून ऐकत आले, पण त्या गुरुवारी सकाळी मला त्याचा रागच आला होता. पारायणाचा शेवटचा दिवस. आमच्या सांगलीकडे सप्ताहाला बसलं की कडक नियम. पोथी उघडली की त्या दिवसाचं वाचन संपेपर्यंत आसन सोडायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. यांची विमा कंपनीतली बदली जयपूरला झाल्यापासून माहेरच्या देवाशी एवढाच काय तो धागा उरला होता, म्हणून मी तो जिवापाड जपत होते. हे टूरवर बिकानेरला. आणि नेमकं तेव्हाच आमच्या तेरा वर्षांच्या सोहमचं पोट दुखायला लागलं.

निदान तो तरी तसंच म्हणाला. झोपेतून कळवळत उठला. मी ओवा चावायला दिला, बेंबीभोवती हिंग लावला, आदल्या दिवशी मित्रांबरोबर चापलेल्या कचोऱ्यांवरून चार शब्द सुनावले आणि आसनावर बसले. वाचन सुरू झालं खरं, पण चित्त थाऱ्यावर कुठलं! डोळे ओवीवर आणि कान बाहेरच्या खोलीत. तो ओकला. मग कण्हायला लागला. उठू का? उठले तर सप्ताह मोडेल, मोडला तर त्याचंच काही वाईट होईल, असलं काहीबाही डोक्यात थैमान घालत होतं. महाराज, तुम्हीच सांभाळा, असं मनात म्हणत मी वाचत राहिले.

तेवढ्यात बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या माथुर आंटी. आमच्यातून विस्तव जात नव्हता. आमची स्कूटर त्यांच्या गाडीच्या आड येते, यावरून कित्येक दिवस तोंडं फिरवलेली. त्या दिवशीही भांडायलाच आल्या होत्या. सोहमने कसंबसं दार उघडलं, आणि त्यांचा चढलेला आवाज एकदम थांबला. तो वाकून, पाय फाकवून चालत होता, ते त्यांनी पाहिलं असणार.

"बेटा, सच बता, दर्द कहाँ है? शरमा मत, मैं तेरी माँ नहीं हूँ."

तो काय पुटपुटला ते मला ऐकू आलं नाही. पण आंटी तशाच चपलांनिशी देवघरात शिरल्या.

"ये पेट का दर्द नहीं है. नीचे का है, एक तरफ सूजन है. मेरे भांजे को हुआ था, घरवाले पेट की दवा देते रह गए. उठिए."

मी उठले. ओवीच्या मधोमध. दोन घोट पेज पाजून नेऊ म्हटलं, तर ऑपरेशन करावं लागलं तर पोट रिकामं हवं म्हणून त्यांनी वाटी हातातून काढून घेतली. त्यांच्याच गाडीतून निघालो. मानसरोवरच्या मेट्रोखालचा प्रत्येक सिग्नल आमच्यावर उठल्यासारखा लाल. सोहम माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाला, "आई, तुला कसं सांगणार होतो?" मला रडूच कोसळलं. खरंच की, सर्दीखोकल्याचं सगळं बोलतो आपण, पण त्या जागेचं नाव आमच्या घरात कधी कुणी काढलं नव्हतं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी सोहमच्या मांडीच्या आतल्या बाजूला हलकेच बोट फिरवलं. एरवी त्या स्पर्शाने वृषण वर सरकतं, सुजलेल्या बाजूचं हललंही नाही. ते म्हणाले, पीळ पडलाय, रक्त पोचत नाहीये, तपासण्यांत वेळ घालवायला नको. उघडून पीळ सोडवू. उशीर झाला असेल तर मात्र ते काढावं लागेल. यांना बिकानेरला फोन लावून सगळं सांगितलं. ऑपरेशनच्या कागदावर सही केली ती कशी केली, देव जाणे.

बाहेर एका जागी बसवेना. येरझाऱ्या घालत होते. सात दिवस घोकलेलं एक अक्षर आठवेना. मग सौदे सुरू केले, अमुक उपास करीन, तमुक नवस फेडीन. कशावरच मन ठरेना. आंटी वैतागून म्हणाल्या, बसा हो, तुमच्याकडे बघून मलाच चक्कर येते. शेवटी भिंतीला टेकले आणि तोंडातून एवढंच निघालं, "हे माझ्या हातात कधी नव्हतंच रे. तुझं लेकरू, तूच बघ." शांत वगैरे काही वाटलं नाही. फक्त मागणं थांबलं.

डॉक्टर बाहेर आले. पीळ सोडवला तेव्हा ते काळंनिळं पडलं होतं म्हणे. कोमट ओल्या कापडात ठेवून वाट पाहिली आणि हळूहळू रंग परतला. वाचलं होतं. पुन्हा असं होऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना टाके घालून ठेवले होते. मी आंटींच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडले, आणि त्या माझ्या पाठीवर हात फिरवत राहिल्या.

सांगलीहून मावशीचा फोन येतो, सप्ताह मोडला त्याचं काय केलंस म्हणून विचारते. देवाने माझं लेकरू राखलं, याहून जास्त मला कळत नाही. रोज दिवा लावते, हात जोडते, आणि एवढंच म्हणते, आंटींच्या काय, आणखी कुणाच्या काय, तुला हवं त्या तोंडानं बोल, मी उठेन.