अंतरपाटाचं टोक

आमच्या घरमालकांची अट एकच होती: मुली आणायच्या नाहीत. आम्ही दोघांनीही मनापासून मान डोलावली. अमरावतीच्या त्या दोन खोल्यांत आम्ही कितीतरी वर्षं नवरा-बायकोसारखे राहिलो, खरं तर बऱ्याच नवरा-बायकोंपेक्षा बरे, आणि घरमालकीणबाई शेजारणींना आमचं उदाहरण देत राहिल्या.

आमच्याकडे मुलगा-मुलगी रसवंतीत एका बाकावर बसले, तर ते घरी पोचायच्या आधी बातमी पोचते. दोन पुरुषांनी एका ताटात जेवावं, गच्चीवर एका पांघरुणात झोपावं, कुणाला काही वाटत नाही. या आंधळेपणाचा आम्ही पुरेपूर फायदा घेतला. पण ज्यांना काही दिसतच नाही त्यांना काही सांगताही येत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

माझ्या आईचा माझ्यापेक्षा त्याच्यावर जास्त विश्वास. अकोल्याहून येताना ज्वारीच्या पापडांचे दोन डबे आणायची, त्यातला मोठा त्याचा. शेवटी माझ्या लग्नाचं कामही तिनं त्याच्यावरच सोपवलं. "तो तुयंच आयकते, बाबू. त्याले समजाव अन् अकोटले घेऊन ये. पोरगी चांगली हाय."

"जाऊन येऊ," तो मला म्हणाला. "मंग नाई म्हनून सांगू. काकूचं मन तरी राहीन."

अकोटला मुलीच्या घरी मी तोंड शिवल्यासारखा बसलो. बोलला तोच. मुलीच्या नोकरीची चौकशी केली, तिच्या वडिलांशी कापसावर गप्पा मारल्या. आठवड्याभरात आईकडे निरोप आला. मुलगा घुम्या वाटला, पण सोबतचा फार आवडला. जातीतलाच आहे, त्याचं कुठं जमलंय काय?

मी हसलो. तो हसला नाही.

"थकलो रे मी," तो म्हणाला. "घरचे जीव खाऊन राह्यले. कोनाले तरी हो म्हनाच लागन."

"अन् मी?"

"तू हायेच न."

मी भांडलो, पाया पडलो. त्या मुलीनं तुझं काय बिघडवलंय, असं विचारलं. त्याच्या घरच्यांनी तोवर हॉल ठरवला होता.

अंतरपाट धरायला दोघं लागतात. एका टोकाला नवरीचा भाऊ होता. दुसरं टोक कुणी धरायचं, यावर नवरदेवाच्या घरात चर्चासुद्धा झाली नाही; ते माझ्याच हातात आलं. तो माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता, हळदीनं पिवळा, मान खाली घातलेला. मंगलाष्टकं संपली, बॅन्ड वाजला आणि माझी बोटं सुटेनात.

"सोडा न भाऊ," नवरीचा भाऊ हसून म्हणाला.

मी सोडलं. रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षता तिघांच्याही अंगावर पडल्या.

मग मी रडलो, सगळ्यांसमोर. लोकांना माझं कौतुक वाटलं. दोस्ती असावी तर अशी, म्हणाले. नवरीनंसुद्धा माझ्याकडे मायेनं पाहिलं, आणि तेच सगळ्यात असह्य झालं. आईनं पदरानं माझं तोंड पुसलं.

"पोरीवानी काहून रडून राह्यला? आता तुयंच पाहू."

अमरावतीला परतलो तेव्हा घरमालक फाटकातच उभे होते. एवढ्या जागेत एकटे कशाला राहता, म्हणाले, त्याच्यासारखाच एखादा चांगला मुलगा बघा. अट मात्र तीच.

मी मान डोलावली.