छकुलीची गोवराची सुई

सगळ्यात आधी आली समोरची विजयाम्मा, सुईवाल्या नर्सबाई गल्लीत शिरल्या म्हणून सांगायला. मागोमाग त्या दोघी नर्सबाई आमच्या दारात! नऊ महिन्यांच्या नातीला, छकुलीला, गोवराची सुई द्यायची होती.

मी दार अडवून उभी. कारण त्या आल्या शेजारच्या घरातून, आणि तिथे दाराला कडुलिंबाचा डहाळा टांगलाय, पोराला गोवर निघालाय. तशा घरातून आलेल्याला आमच्यात बाळाजवळ सोडत नाहीत.

थोरली नर्स हसली. "अम्मा, दरवाजे पे कब तक पहरा देते? हम तो बच्ची के अंदर पहरा बिठाते!"

म्हटलं, म्हणजे काय गं बाई? तर म्हणाली, सुईत गोवराचंच बी असतं, पण दुबळं केलेलं. बाळाचं अंग त्याच्याशी लढायला शिकतं आणि लक्षात ठेवतं. पुढे खरा गोवर आला, की अंग त्याला ओळखून परतवून लावतं.

मंडळी, माझी शाळा दुसरीतच सुटली, पण हे ऐकून अंगावर काटा आला! माझी धाकटी बहीण गोवरानं गेली, तेव्हा आम्ही लिंबाचा पाला बांधून नुसते बघत बसलो होतो. आणि या चिमुरडीला अजून धड उभं राहता येत नाही, पण तिचं अंग आतल्या आत केवढं शिकणार!

"हात धुवा आधी," म्हटलं आणि दार सोडलं. छकुली जराशी रडली, मग नर्सबाईंचंच पेन ओढायला लागली.

तुमच्या नातवंडांची सुई राहिलीय का कुणाची? नल्लकुंट्याला, आमच्या गल्लीत घेऊन या. त्या दोघी बुधवारी परत येतो म्हणाल्यात.