मालकानंच बघावं

नांदेडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारे मिस्त्री बसतात. गाडीचा दोष ते तोंडानं सांगत नाहीत, मालकालाच बघायला लावतात. माझी जुनी मोटार, आमच्या घराण्यातली पहिली, पावसात आतून भिजायची. दोघा मेकॅनिकांनी भंगारात घाला म्हणून सांगितलं होतं.

"सर, ही हातबॅटरी घेऊन आत शिरा," मिस्त्री म्हणाले. कोचिंगमधला मी एम.एस्सी. मास्तर, इस्त्रीच्या पँटीनिशी सीटपुढं आडवा झालो. त्यांनी समोरच्या काचेवर बादली ओतली. डॅशबोर्डखालून धार लागली.

"दिसलं का?"

"हाव."

"गाडी मेली न्हाई, सर. नाक चोंदलंय." काचेखालच्या, पाणी निघून जायच्या जाळीतून त्यांनी तारेनं कडुलिंबाचा कुजका पाला ओढून काढला. दुसरी बादली ओतली. थेंबही आला नाही.

"उतरा आता."

मी तसाच आडवा राहून म्हटलं, "चाचा, अजून एक ओता."