मशीनला आठवण नसते

हँडल ओढायचं जुगाराचं जुनं स्लॉट मशीन कुठे दिसलं की मला ट्रॉय गावात राहणारे काका आठवतात. ऐंशीच्या दशकात आमची चार मराठी घरं दर हिवाळ्यात लास व्हेगसला जायची. काका गाड्यांच्या ब्रेकचं टेस्टिंग करायचे. नीट समजून घेतल्याशिवाय ते कुणाला मशीनला हात लावू देत नसत.

"एवढी घाई कसली? आधी बघा तर."

मग हात पाठीमागे बांधून ते आम्हाला रांगांमधून फिरवायचे, लग्नाची स्थळं दाखवावीत तसे. "हे एका ओळीचं, मधल्या ओळीत तीन चित्रं जुळली की पैसे. साधं, सरळ. त्या पलीकडच्यात तीन नाणी टाकलीत तरच मोठं बक्षीस. आणि तो वर बक्षिसाचा आकडा वाढत जातोय ना, ते प्रोग्रेसिव्ह. दिसायला देखणं, पण देतं क्वचित."

"ह्याने बराच वेळ दिलं नाही, आता देईल," असं कुणी म्हणालं की ते चिडायचे. "मशीनला आठवण नसते. दर वेळी पाटी कोरी."

एकदा हँडल ओढताना त्यांचा बूट मशीनला लागला. काका पटकन वाकले, मशीनला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. शेजारच्या स्टुलावरच्या गोऱ्या आजीबाईंना ती जिंकायची युक्ती वाटली असावी. त्यांनीही लगेच तसंच केलं.

मी हसत म्हणालो, "काका, मशीनला आठवण नसते ना?"

"त्याला नसते रे," ते चष्मा पुसत म्हणाले. "मला आहे."