इलारियोनचं पाणी

आमच्या गावातली प्रत्येक झडप किती वेढ्यांनी बंद होते ते दोम्निकाबाईंना पाठ होतं. शाळेजवळची अठरा, चर्चखालची एकवीस, आणि तीही शेवटी थोडी अडते. अठ्ठावीस वर्षं त्या पंपघरावर होत्या. मी शिकून गावी परतलो तेव्हा पाणी आणि मैलापाण्याचा आपत्कालीन आराखडा लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्या सांगायच्या, मी लिहायचो. पूर आला तर आधी कोणती झडप, मैलापाण्याचा पंप बुडाला तर कोणत्या विहिरी बंद, टँकर कुठे उभा करायचा. बासष्ट पानं झाली.

"पोरा, एवढं जाड केलंस, पुरात बांधाला लावता येईल," त्या म्हणाल्या.

त्या मार्चमध्ये त्यांचा नवरा इलारियोन गेला. आमच्याकडे मेलेल्यासाठी चाळीस दिवस पाणी वाहतात. रोज सकाळी घरच्या विहिरीची एक बादली, रोज त्याच एका घरी, आणि काठीवर एक खाच. घेणाऱ्याने एक घोट प्यायचा आणि 'देव त्याला क्षमा करो' म्हणायचं. ते पाणी तिकडे त्याला मिळतं. सहसा हे काम एखाद्या मुलीला देतात, दोम्निकाबाईंनी ते स्वतःच घेतलं. पाणी जायचं शेजारच्या सावेताआजींकडे. आजी एकट्या, ऐंशी ओलांडलेल्या, जिभेच्या तिखट. "जिवंतपणी तुझ्या नवऱ्याने कुणाला पेलाभर पाणी विचारलं नाही, आता बादल्या पाठवतोय," म्हणत घोट घ्यायच्या.

एकतिसाव्या दिवशी जिऊ नदी चढली. मैलापाण्याचा पंप बुडाला, खालच्या आळीत गटाराची झाकणं उचलली गेली. दोम्निकाबाईंनी आराखडा उघडलासुद्धा नाही. चाळीस मिनिटांत त्या आळीचा पुरवठा तोडला. मग गुडघाभर पाण्यातून दारोदार जाऊन विहिरीचं पिऊ नका म्हणून सांगितलं आणि एकोणीस रहाटांना लाल फिती बांधल्या. एकोणिसावा त्यांचा स्वतःचा. गावात एकही माणूस आजारी नाही, असं मी पुराच्या चौथ्या दिवशी वर कळवलं. अभिमान वाटला होता.

सहाव्या दिवशी पहाटे सावेताआजींना दवाखान्यात नेलं. जुलाब थांबत नव्हते. तीन दिवसांनी त्या गेल्या.

मी भेटायला गेलो तेव्हा दोम्निकाबाई पंपघराच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी काहीच लपवलं नाही. रोज सकाळी फीत सोडायची, बादली भरायची, फीत परत बांधायची, असं पाच दिवस चाललं होतं. टँकरचं का नाही नेलं, मी विचारलं.

"इलारियोन जन्मभर त्याच विहिरीचं प्यायला. टँकरचं त्याला कसं चालेल?" मग म्हणाल्या, "ते पिण्याचं पाणी नव्हतं रे. मेलेल्याचं होतं."

आराखड्यात मी नळ लिहिले होते, विहिरी लिहिल्या होत्या, गुरांचे हौद आणि शाळेची टाकीसुद्धा. हे पाणी लिहिलं नव्हतं. माझ्या आजीसाठी माझ्याच बहिणीने ते वाहिलं होतं, तरी मला सुचलं नाही.

सावेताआजींच्या मागे कुणी नव्हतं. त्यांच्यासाठी दोम्निकाबाईंनी नवी काठी तासली. बादली घेऊन त्या आळीभर फिरल्या. कुणी वाईट बोललं नाही. दारं उघडली नाहीत, एवढंच.

शेवटी माझ्या दारी आल्या. एका हातात बादली, दुसऱ्या हातात क्लोरीन तपासायची नळी.

"सावेताचं आहे. पंपघरातून आणलंय. आधी थेंब टाकून बघ. गुलाबी झालं तरच पी."

पाणी गुलाबी झालं. मी बादलीतून पेला भरून एक घोट घेतला, म्हणायचं ते म्हणालो. त्यांनी उंबऱ्यावर बसून पहिली खाच पाडली. इलारियोनकाकांच्या काठीवर पस्तीसच खाचा होत्या. त्यांच्या उरलेल्या पाच दिवसांचं काय, ते मी विचारलं.

"तो थांबेल," दोम्निकाबाई म्हणाल्या. "सावेताला तिकडे जीभ कोरडी पडलेली चालायची नाही."