खोडलेल्या चार ओळी

विरारच्या एका कॉलेजात मी बी.एस्सी.ला गणित शिकवते, आणि 'आधी उदाहरण, मग व्याख्यान' या माझ्या हट्टापायी पुरती थकले आहे. मुलांनी आधी धडपडावं, चुकावं, मग मी शिकवावं, एवढंच माझं म्हणणं. मुलांचं म्हणणं, मॅडम शिकवतच नाहीत. यंदा त्यांनी तसा अर्जच दिला. प्राचार्यांनी तो माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "मॅडम, पोर्शन संपवा हो. कशाला डोक्याला ताप?" भांडायचं त्राण नव्हतं. तासातली पहिली दहा मिनिटं मुलांची, बाकी माझी, अशी तडजोड मी मुकाट्याने केली.

त्याच आठवड्यातली गोष्ट. एक, एक द्वितीयांश, एक तृतीयांश असे आकडे लहान होत होत शून्याकडे जातात. "जातात म्हणजे नक्की काय? पुस्तक न उघडता लिहा," म्हटलं. पाच मिनिटं झाली. निम्मे मोबाईलमध्ये, बाकीचे माझ्याकडे बघत बसलेले. ही बाई एकदाची फळ्याकडे कधी वळतेय! माझं डोकंच फिरलं. दहा मिनिटं पुरी व्हायच्या आतच उठले आणि पुस्तकातली व्याख्या एप्सिलॉन वगैरे चिन्हांसकट फळ्यावर लिहून मोकळी झाले. सगळी पेनं लगेच चालू लागली.

तास संपल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलीची वही नजरेला पडली. ती जवळच्या निर्मळ गावची, घरी केळीची आणि फुलांची वाडी. फळ्यावरची व्याख्या तिने सुवाच्य अक्षरात उतरवली होती. तिच्या वर चार ओळी खोडलेल्या. आमच्या मुलांची ही सवयच आहे, स्वतःचं ते कच्चं आणि फळ्यावरचं ते पक्कं. रेघांखालून मी कसंबसं वाचलं: 'शून्याभोवती कितीही छोटं कुंपण घाला. एका जागेनंतरचे सगळे आकडे कुंपणाच्या आतच राहतात.'

"अगं, हे बरोबर आहे! खोडलंस का?"

"तुम्ही वेगळं लिहिलंत ना मॅडम. मला वाटलं, माझं चुकलं."

"वेगळं नाही गं, तेच आहे." मला स्वतःचीच लाज वाटली. आणखी पाच मिनिटं कळ काढली असती तर काय बिघडलं असतं?

तिचा चेहरा क्षणभर खुलला. "मग परीक्षेत माझंच लिहिलं तर चालेल?"

पेपर पुस्तकातल्या शब्दांशी ताडूनच तपासले जातात, हे मला पक्कं ठाऊक. खोटं बोलवेना.

"परीक्षेत फळ्यावरचंच लिही," मी म्हणाले.

"ओके मॅडम," म्हणत तिने पेन उघडलं आणि त्या चार ओळींवर आणखी एक रेघ मारली.